डॉ. रखमाबाई : आपणां सर्वांची आजी

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे, असे चिटणीस बाईंनी मला सुचविले. थोर स्त्रिया पुष्कळ झाल्या. परंतु ज्या मोजक्या स्त्रियांमुळे आपल्या लेकीसुनांना बाईमाणसाच्या हातून औषधोपचार मिळू लागले, त्यांतील एकीचे नाव आपल्या तोंडी फारसे येत नाही. म्हणून मी डॉ. रखमाबाईंविषयी लिहावयाचे ठरविले.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या लहानपणीच वारले. आई जयंतीबाई अगदी तरुण वयात विधवा झाल्या. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन या नामांकित वैद्यांशी पुनर्विवाह केला. सुतार समाजात त्यास मुभा होती. त्या घरात पुस्तके होती आणि मुलीने वाचावे असे वाटणारा सावत्र बाप होता, हे रखमाबाईंचे भाग्य.

तरीही अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झालेच. नवऱ्याचे नाव दादाजी भिकाजी. रखमाबाई माहेरीच राहिल्या, वाचू लागल्या, आणि जाणत्या झाल्यावर नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. तेव्हा १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाण वयात लग्न झाले व संसार कधी सुरूच झाला नाही, अशा स्त्रीला बळजबरीने सासरी धाडता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. त्यावर अपील झाले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट हुकूम दिला : नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. भगिनींनो, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते आणि वर्तमानपत्रांतून त्यांच्या नावाचा गवगवा चालला होता. अखेर १८८८ साली तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला.

त्याच सुमारास, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आपल्या जिल्ह्यातील कल्याणच्या लेक डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यास निवर्तल्या. अमेरिकेत मिळविलेली विद्या त्यांच्या हातून आपल्या बायकांच्या उपयोगी पडावयाची राहून गेली. रखमाबाईंना मात्र आयुष्य लाभले. कामा इस्पितळातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना पाठबळ दिले. १८८९ साली त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या, आणि १८९४ साली शिक्षण पुरे करून मायदेशी परतल्या. पुढे सुरतेस व नंतर राजकोटला त्यांनी स्त्रियांच्या दवाखान्यांचा कारभार पाहिला. एकूण सुमारे ३५ वर्षे त्यांनी ही सेवा केली.

या सेवेचे मोल मला माझ्या आजीमुळे कळले. ती आमच्या पंचक्रोशीत सुईण होती. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असले तरी बोलावणे आले की डोक्यावर इरले घेऊन निघायची. मोबदला म्हणजे पायलीभर तांदूळ, फार तर चोळीचा खण. आपल्या हाताबाहेरचे काय, हे तिला नेमके उमगे, आणि मग ती अडलेल्या बाईला डोलीत घालून स्टेशनाकडे न्यायला लावी. पण कित्येक घरी, पुरुष डॉक्टरासमोर आमची सून जाणार नाही, म्हणून अडून बसत. तेवढ्या अडण्यात जीव गेलेले तिने पाहिले होते, आणि ते सांगताना तिचा आवाज उतरत असे. इस्पितळात बाई डॉक्टर असणे ही चैन नसून जिवाचा प्रश्न होता, तो असा.

१९०४ साली दादाजी वारले. तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसावयास सुरुवात केली. ज्या लग्नाविरुद्ध तुरुंगात जाण्याची तयारी केली, त्याचेच हे वस्त्र का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, त्यांचे भांडण बळजबरीशी होते. माणसाशी वैर नव्हते. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडून, त्या गेल्या.

त्यांच्या खटल्याने उठलेल्या चर्चेनंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. तेव्हा मुलीचे वय दहावरून बारा झाले. आज लग्नासाठी अठरा पुरी लागतात. पण कायदा पुस्तकात असतो आणि मुलगी घरात. शाळा सुटलेल्या मुलीच्या सोयरिकीची कुजबुज आपल्या डोंगरपट्ट्यात अजूनही कानी येते. अशा वेळी तिच्या आईशी चार शब्द बोलणारी शेजारीण आपल्यापैकीच कोणी असावी. एखाद्या मुलीला नर्सिंगला जावयाचे असेल, तर तिच्या फॉर्मसाठी व गाडीभाड्यासाठी मंडळाने हात पुढे करावा. रखमाबाईंनाही शिकावयास जाताना इतरांचा आधार लागलाच होता.