मिक्सर फिरतो तोही याच्यामुळे, आणि रेडिओ खरखरत नाही तोही याच्यामुळेच

घरात मिक्सर लावला की रेडिओ खरखरायचा आणि टीव्हीवर मुंग्या यायच्या, आठवतंय? मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश घासतात, बारीक ठिणग्या पडतात आणि त्यांचा गोंगाट वायरीतून बाहेर पसरतो. तो थोपवायला आत एक छोटी डबी बसवतात. तिचं नाव कपॅसिटर.

गंमत बघा, ही मोटर आणि ही डबी, दोन्हींची गोष्ट एकाच माणसाशी जोडलेली आहे. मायकल फॅरडे.

२२ सप्टेंबर १७९१ चा त्याचा जन्म. लंडनमधल्या एका गरीब लोहाराचा हा पोरगा. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी तो एका बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला. तिथं बांधायला आलेली पुस्तकं तो वाचूनही काढायचा. विजेची गोडी त्याला तिथंच लागली.

१८१२ मध्ये त्याला हम्फ्री डेव्ही या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकायला मिळाली. त्यानं टिपणं काढली, स्वतःच्या हातानं बांधली आणि डेव्हीला पाठवली. पुढच्याच वर्षी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाला.

१८२१ मध्ये त्यानं विजेच्या जोरावर चुंबकाभोवती तार गरगर फिरवून दाखवली. इलेक्ट्रिक मोटरची सुरुवात ती हीच.

कपॅसिटर फॅरडेच्या आधीपासून होता. पण १८३७ च्या सुमारास त्यानं पितळेच्या एका गोळ्यात दुसरा गोळा ठेवला आणि मधल्या जागेत हवेऐवजी गंधक, लाख, काच भरून पाहिलं. पदार्थ बदलला की साठणारी वीज बदलते, हे त्यानं मोजून दाखवलं. म्हणजे मधला पदार्थ नुसता अडसर नाही, तोही काम करतो. आजच्या डबीत त्या जागी प्लास्टिकची पातळ फिल्म असते.

आता ही डबी करते काय? घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिला कपॅसिटर जवळपास अडवतोच. ठिणग्यांचा गोंगाट मात्र लाखो आवर्तनांचा. त्याला तो सोपी वाट देतो, त्यामुळे बराचसा गोंगाट मिक्सरच्या आतच जिरतो.

फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये बसतो तो ‘एक्स’ प्रकारचा. मेन लाइन आणि अर्थिंगच्या मध्ये बसतो तो ‘वाय’. ‘वाय’च्या जागी साधा कपॅसिटर टाकला, तो शॉर्ट झाला आणि अर्थिंगही नीट नसेल, तर मिक्सरच्या धातूच्या भागात करंट उतरू शकतो. म्हणून दुरुस्ती करताना त्याच प्रकारचा कपॅसिटर मागून घ्या.

रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद चालून आलं, तेही फॅरडेनं नाकारलं. २५ ऑगस्ट १८६७ ला तो गेला. १८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत कपॅसिटरच्या क्षमतेच्या एककाला ‘फॅरड’ हे नाव मिळालं. हे एकक इतकं मोठं, की मिक्सरमधल्या ०.१ मायक्रोफॅरडच्या डबीत त्याचा फक्त एक कोटीवा भाग मावतो.