बहिणाबाई आणि त्यांचं मन

तुम्ही दोह्यात, ओल्ड एअरपोर्ट भागात राहता. घरात मराठी, बाहेर इंग्रजी नाहीतर अरबी. कधी मन जड होतं, पण सांगायला शब्दच सापडत नाही, हो ना? मग बहिणाबाईंची गोष्ट वाचा.

बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० साली खानदेशात, जळगावजवळच्या असोदे गावी झाला. तेराव्या वर्षी लग्न झालं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. (हो, एवढ्या मोठ्या कवयित्रीला!) तिशीत नवरा गेला. पदरात तीन मुलं. त्यातल्या ओंकारला प्लेगमुळे कायमचं अपंगत्व आलं. त्या काळी विधवा बाईनं दुःख कुणाजवळ बोलायचं? समुपदेशक कुठून असणार?

बहिणाबाई मात्र बोलल्या, स्वतःशीच. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या आपल्या बोलीत ओव्या रचायच्या. नवरा गेल्यावर स्वतःला धीर देणारी कविता त्यांनी रचली. मनावरही एक रचली. कितीही हाकललं तरी पुन्हा उभ्या पिकात शिरणारं गुरू असतं ना, मन त्यांना तसं वाटलं. भावनेला नाव दिलं की ती थोडी आटोक्यात येते, असं आजचे समुपदेशक सांगतात. बहिणाबाईंनी ते नाव आपल्या शेतातच शोधलं. दुःख काही संपलं नाही, पण त्याच्याशी बोलता येऊ लागलं.

मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी काही ओव्या उतरवून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. बहिणाबाईंनी ते पाहिलंच नाही.