नामदार गोखले आणि हिशेबाची जबाबदारी

सार्वजनिक संस्थेचा ताळेबंद वार्षिक सभेपुढे येतो, तेव्हा तो वाचला गेला असे गृहीत धरून मंजूर करण्याचा प्रघात आहे. हिशेबतपासनिसाचा दाखला जोडलेला असतो, नियामक मंडळातील सभ्य गृहस्थांच्या सह्या झालेल्या असतात आणि चहापानाची वेळ झालेली असते. आर्थिक व्यवहारांवरील अंतर्गत नियंत्रणे पुरेशी आहेत, असे लेखी देण्याचे बंधन शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालकांवर २०१३ च्या कायद्याने आले. परंतु सही करणाऱ्याने आकड्यांची जबाबदारी घेतली पाहिजे, हा आग्रह पुण्याच्या एका शिक्षकाने त्यापूर्वी शतकभर आधी धरला होता.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव पंधरा रुपयांच्या पगारातून आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवीत. दुसऱ्याच्या पोटाला चिमटा घेऊन आलेला पैसा म्हणजे काय, हे ज्याला विद्यार्थिदशेतच कळले, त्याला पुढे लोकवर्गणीचा रुपया कधी हलका वाटला नाही. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक झाले, १८८६ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे शाळाशाळांतून चालले.

याच सोसायटीत १८९० साली जो कलह झाला, त्याची आठवण टिळक-आगरकर वादाच्या रूपानेच काढली जाते. त्याच्या मुळाशी मात्र कारभाराचा एक रोकडा प्रश्न होता. अल्प वेतनावर संस्थेला आयुष्य वाहून घेणाऱ्या सभासदाने बाहेरचे काम करावे काय, आणि बाहेरची मिळकत कोणाची? सभासदाचा सारा वेळ आणि सारी कमाई संस्थेची, असे टिळकांचे म्हणणे. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले, ते त्यांना मान्य झाले नाही. अखेर टिळक सोसायटीतून बाहेर पडले. त्यागाची शपथ सर्वांनी घेतली होती, पण तिच्या मर्यादांविषयी एकमत नव्हते. मित्रांमध्ये नियमांची काय गरज, ही समजूत किती महागात पडते, याचे याहून बोलके उदाहरण पुण्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

त्यानंतर गोखल्यांनी सोसायटीसाठी निधी जमवण्याकरिता सुट्ट्या खर्ची घातल्या. आकड्यांमागचे वास्तव शोधण्याची शिस्त न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली लागली. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले, तेव्हा गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या व्यासंगी शाळामास्तराच्या आकडेवारीचा आधार त्यांच्या पाठीशी होता. त्या साक्षीचा पहिला भागच खर्चावरील नियंत्रणाच्या यंत्रणेविषयी आहे. किती खर्च झाला याआधी त्याला अडवण्याचा अधिकार कोणाला होता, हे त्यांनी विचारले. अंदाजपत्रक कायदेमंडळात बाबवार मंजूर व्हावे, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्तातील सोल्जरांवर त्यांनी केलेले आरोप पुराव्याने सिद्ध करता आले नाहीत आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पुण्याने त्यांना त्याबद्दल फार बोल लावला. पण सार्वजनिक विधानालाही हिशेबासारखे प्रमाणक लागते, हा धडा त्यांनी घेतला, हे पुढील कारकीर्द सांगते.

१९०२ साली ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात पहिल्यांदा अंदाजपत्रकावर बोलले. त्या काळी सभासदांना चर्चेची मुभा होती, मतदानाची नव्हती. सरकारने मोठी शिल्लक दाखवली होती आणि अभिनंदनाचे सूर लागले होते. गोखल्यांनी ती शिल्लकच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली. १८९३ मध्ये टांकसाळी रुप्यास बंद करून रुपयाचा भाव पुढे सोळा पेन्सांवर आणला गेला. विलायतेस पाठवायच्या रकमेत सरकारची त्यामुळे बचत झाली, पण रुपया घसरत असताना बसवलेले कर तसेच राहिले. दोन भीषण दुष्काळांत रयत मरत असताना तिजोरी फुगली, ती अशी. ताळेबंदातील प्रत्येक आकडा बरोबर असूनही ताळेबंद दिशाभूल करू शकतो, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ पासून टप्प्याटप्प्याने उतरत १९०७ मध्ये एक रुपयावर आला. याचे सारे श्रेय एका माणसाला देणे भाबडेपणाचे होईल, तरी दरवर्षी तोच प्रश्न तितक्याच सौजन्याने विचारणारा सभासद समोर बसला आहे, याची जाणीव अर्थसचिवाला असणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

१२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. सभासदाने घ्यावयाच्या प्रतिज्ञांत दोन पैशांविषयी होत्या: संस्था जे देईल त्यात समाधान मानायचे, आणि स्वतःसाठी द्रव्यार्जनात शक्ती खर्चायची नाही. पंधरा वर्षांपूर्वी टिळकांनी ज्यासाठी संस्था सोडली, जवळजवळ तेच तत्त्व गोखल्यांनी आपल्या संस्थेच्या पायात घातले, आणि या वेळी लेखी. राजकारणात हे दोघे तेव्हा परस्परांपासून दूर जात होते. दोघांच्या अनुयायांनी हे साम्य पाहण्याचे कष्ट मात्र फारसे घेतले नाहीत.

१९१५ च्या आरंभी आफ्रिकेतून परतलेले गांधी पुण्यात त्यांना भेटले. त्यांना आश्रम काढायचा होता. खर्चाची चिंता नको, असे सांगून गोखल्यांनी समाजाचे डॉक्टर देव यांना बोलावून घेतले आणि गांधींच्या नावाने समाजाच्या वहीत खाते उघडण्यास सांगितले. आश्रमासाठी आणि सार्वजनिक कामासाठी जे लागेल ते या खात्यातून द्यायचे होते. प्रिय शिष्याला द्यायचे पैसेही खिशातून खिशात गेले नाहीत, वहीत नाव घालून गेले. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला गोखले वारले. गांधींनी अहमदाबादेजवळ कोचरब येथे आश्रम सुरू केला तो मे महिन्यात.