तारवाला डॉक्टर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने दूरसंचाराच्या क्षेत्रात नोकरी करायची म्हटली, की ऐकणारा आधी हसतो आणि मग सल्ला देतो. बी. ए. झालेल्याने शिक्षक व्हावे, स्पर्धा परीक्षा द्याव्यात, फार तर बँकेत चिकटावे. तारा, टॉवर आणि यंत्रे ही इंजिनिअरांची जहागीर, असे आपल्याकडे जणू ठरूनच गेले आहे. मी तृतीय वर्षाला आहे आणि माझा विचार मात्र त्याच जहागिरीत शिरण्याचा आहे. म्हणून या क्षेत्राचा आपल्या देशातील मूळ पुरुष कोण, हे शोधण्याची मला ओढ लागली. तो सापडला तेव्हा नवल वाटले. भारतात तारायंत्र उभे करणारा हा गृहस्थ इंजिनिअर नव्हता, डॉक्टर होता! त्याचे नाव विल्यम ब्रुक ओशॉनेसी.

ओशॉनेसी यांचा जन्म आयर्लंडमधील लिमरिक या गावचा, १८०८ च्या सुमाराचा. एडिंबरो येथे त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. १८३१ साली इंग्लंडात पटकीची साथ पसरली, तेव्हा बाविशी-तेविशीतल्या या तरुणाने रोग्यांचे रक्त तपासले. त्यातील पाणी आणि क्षार निघून गेलेले आहेत, हे त्यांनी दाखवून दिले आणि ते शिरेवाटे परत द्यावेत असे सुचविले. पुढल्याच वर्षी थॉमस लट्टा या डॉक्टरने तसा उपचार करून पाहिला. आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात खाटेशेजारी सलाइनची बाटली टांगलेली दिसते, तिच्या वंशावळीत ओशॉनेसी यांचे नाव अगदी वर लागते.

१८३३ साली ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सहायक सर्जन म्हणून भारतात आले. १८३५ साली कलकत्ता मेडिकल कॉलेज निघाले आणि तेथे ते रसायनशास्त्र शिकवू लागले. दिवसा अध्यापन आणि औषधींचा अभ्यास, उरलेल्या वेळात विजेचे प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. १८३९ साली त्यांनी कलकत्त्याजवळ बांबूंवर काही मैल तार ओढली आणि तिच्यातून संदेश पाठवून दाखविले. तारेचा काही भाग हुगळी नदीच्या पाण्यातून नेलेला होता. पाण्यात वीज निसटू नये म्हणून तारेला डांबर लावून ती चिरलेल्या वेतात बसविली होती. टिपण्यासाठी धड यंत्र नव्हते, तेव्हा बसणारा विजेचा झटका बोटांवर घेऊन संदेश ओळखला जाई. लंडनमध्ये रेल्वेच्या कडेने पहिली व्यापारी तार चालू झाली तीही याच साली, आणि अमेरिकेत मोर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार बोलू लागली ती पाच वर्षांनी, १८४४ मध्ये. बांबू आणि वेत घेऊन काम करणारा हा प्राध्यापक जगाच्या मागे नव्हता, हे यावरून कळते.

पण सरकारने त्या वेळी लक्ष दिले नाही. ओशॉनेसी यांनी त्रागा केला नाही. औषधींवरील ग्रंथ लिहिला, १८४३ साली रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळविले, कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करण्याचे काम पत्करले. अकरा वर्षे अशी गेली. गव्हर्नर जनरल म्हणून लॉर्ड डलहौसी आल्यावर १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर या मार्गावर प्रयोगाची परवानगी मिळाली, तेव्हा या गृहस्थांनी चाळिशी ओलांडली होती. नवे काम नव्याने आरंभण्याचे ते वय नव्हे, असे आपण सहज म्हणून जातो.

त्यांच्या चरित्रातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग येथून सुरू होतो. युरोपात चालणारी तार जशीच्या तशी बंगालमध्ये चालेना. चिखलाच्या जमिनीत खांब टिकत नसत, वादळे येत, विजा पडत, तारेवर घारी आणि माकडे बसत. ओशॉनेसी यांनी बारीक तारेचा हट्ट सोडला आणि बोटासारखी जाड लोखंडी सळईच खांबांवर चढविली. ती वजनदार होती, दिसायलाही ओबडधोबड. पण माकडाने लोंबकळले तरी तुटत नव्हती. संदेश वाचण्यासाठी साधे, सुईचे यंत्रही त्यांनी स्वतःच बनविले. मोर्सची यंत्रे आपल्याकडे रुजली ती १८५७ नंतर.

हे सारे मला विशेष समजते याचे कारण माझे वडील. ते याच जिल्ह्यात दूरध्वनी खात्यात लाइनमन होते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि सरळ रोवलेला खांब दोन वर्षांत मान टाकतो, हे ज्ञान त्यांना कोणत्या पुस्तकाने दिले नव्हते. नाल्याजवळचा खांब किती खोल रोवावा आणि त्याला ताण कोणत्या अंगाने द्यावा, हे ते पायाने माती दाबून सांगत. यंत्र बाहेरून येऊ शकते. ते आपल्या मातीत उभे करण्याची विद्या मात्र इथेच शिकावी लागते. ओशॉनेसी यांचे मोठेपण मला यातच दिसते, की परका असूनही ही विद्या त्यांनी बंगालच्या चिखलात उभे राहून मिळविली.

ती त्यांनी एकट्याने मिळविली असे मात्र नाही. टांकसाळीत काम करणारे शिवचंद्र नंदी हे बंगाली गृहस्थ त्यांनी हाताशी धरले. नंदी तारेचे काम शिकले, इतरांना शिकवू लागले, लाइनींची तपासणी करू लागले. पद्मा नदी ओलांडण्याचा प्रश्न आला तेव्हा कोळ्यांच्या होड्या घेऊन त्यांनी पात्रातून तार नेली. पुढे १८८३ साली सरकारने त्यांना रायबहादूर केले. परंतु ओशॉनेसी यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, त्यांचे नाव ग्रंथांत राहिले. नंदींचे नाव बंगालबाहेर फारसे कोणाला माहीत नाही. आणि ज्यांनी हजारो खड्डे खणले, सळया खांद्यावरून वाहिल्या, त्यांची तर नावेच उरली नाहीत.

१८५३ च्या नोव्हेंबरात मोठ्या मार्गाचे काम निघाले. १८५४ च्या मार्चमध्ये, म्हणजे पाचच महिन्यांत, सुमारे आठशे मैलांवरील आग्रा कलकत्त्याशी जोडले गेले. तेथून तार इंदूरवरून मुंबईला आली आणि मुंबईहून मद्रासला गेली. १८५५ च्या फेब्रुवारीत ती सर्वसामान्यांसाठी खुली झाली. पुढल्या वर्षापर्यंत चार हजार मैलांच्या आसपास जाळे तयार झाले.

वाचकहो, येथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. ज्या डलहौसीने तार आणली, त्यानेच १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड घेतले आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले. आपला यवतमाळचा मुलूख त्या वऱ्हाडातच मोडत होता. तार, रेल्वे आणि वऱ्हाडचा कापूस ही एकाच गाडीची चाके होती. १८५७ च्या उठावात तारेने कंपनी सरकारला सावध केले, म्हणून उठाववाल्यांनी जागोजागी तारा तोडल्या. १८७० साली मुंबई समुद्रातील तारेने इंग्लंडशी जोडली गेली आणि लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईच्या व्यापाऱ्याला काही तासांत कळू लागला. बैलगाडीत कापूस भरून बाजारात आलेल्या शेतकऱ्याला तो कळायला काहीच साधन नव्हते. भाव ज्याला आधी कळतो, बाजार त्याचा होतो. सामान्य घरात तार येई ती बहुधा मरणाची. लखोटा फोडण्याआधीच रडारड सुरू होई, असे आजी सांगत असे.

ओशॉनेसी १८६० च्या सुमारास प्रकृतीच्या कारणाने मायदेशी परतले. १८६१ साली त्यांनी ब्रुक हे आडनाव घेतले आणि १८८९ च्या जानेवारीत इंग्लंडमधील साउथसी येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेली तार त्यानंतरही सव्वाशे वर्षे चालली आणि २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. १८८५ च्या तार कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदाही २०२३ साली संमत झाला.

तार गेली, पण तिचे तत्त्व गेले नाही. गेले दोन उन्हाळे मी ऑप्टिकल फायबर जोडणाऱ्या टोळीबरोबर मदतनीस म्हणून काम केले. केसासारख्या काचेच्या तंतूंची दोन टोके यंत्रात धरून वितळवून जोडायची. मधे धुळीचा कण आला तरी प्रकाश अडतो. तारेत विजेचे ठोके जात, या तंतूतून प्रकाशाचे ठोके जातात. उजेड आणि अंधार या दोनच अक्षरांत सारी भाषा मावते. खणणे, ओढणे, जोडणे आणि तपासणे ही कामे मात्र नंदींच्या वेळची तीच आहेत.

मग मी इंजिनिअर नाही याची खंत करावी का? मला तसे वाटत नाही. पदवीला किंमत नाही असे मी म्हणत नाही. ओशॉनेसी यांनी रसायन आणि वीज कसून अभ्यासली होती, मलाही पदवीनंतर तंत्राचा अभ्यासक्रम करावाच लागेल. पण ज्या डॉक्टरने चाळिशीनंतर देशाला तारेने बांधले, त्याचे चरित्र वाचल्यावर शाखेची भिंत मला पूर्वीइतकी उंच वाटत नाही. शिवाय इतिहास शिकल्यामुळे मी या धंद्यात एक प्रश्न बरोबर घेऊन जाणार आहे: ही तार कोणाच्या दारापर्यंत जाते, आणि कोणाच्या दारापाशी थांबते? आज शेतकऱ्याच्या खिशात फोन आहे, भाव त्याला घरबसल्या कळू शकतो. पण डोंगराआडच्या पोडावर, कोलामांच्या वस्तीवर फोन असूनही आवाज पोचत नाही, अशी ठिकाणे आपल्या जिल्ह्यात आहेत. पहिल्या तारेचे मालक ठरलेले होते. पुढची तार शेवटच्या घरापर्यंत नेण्याचे काम आपल्या पिढीच्या वाट्याला आले आहे, आणि त्यासाठी खांबाखालची माती ओळखणारी माणसे लागणार आहेत.