जमशेटजी टाटा आणि रेशमाची अळी

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातल्या खोक्यात तुम्ही रेशमाच्या अळ्या पाळल्यात ना? मग ओला पाला घातला की काय होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. एक अळी आजारी पडते आणि बघता बघता खोकं रिकामं होतं. आपण दोन दिवस हळहळतो. पण ज्यांचं घरच अळ्यांवर चालतं, त्यांचं काय होत असेल? हा विचार करणाऱ्या एका मोठ्या उद्योगपतीची आज ओळख करून घेऊ.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे झाला. आपण नागपूरकरांना ते परके नाहीत, बरं का! धंतोलीपासून जवळच, गांधीसागर तलावाच्या बाजूला त्यांची एम्प्रेस मिल होती. ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्या काळी बहुतेक गिरण्या मुंबईत निघत. जमशेटजींनी मात्र कापूस पिकतो त्या भागाजवळचं नागपूर निवडलं.

म्हैसूर संस्थानात टिपू सुलतानाच्या काळापासून रेशीम तयार होत असे. शेतकरी घरातच अळ्या पाळत. पण पुढे रोगांमुळे अळ्या मरू लागल्या आणि हा धंदा खालावला. १८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले होते. रेशमाच्या कामात जपानी लोक फार पुढे होते. पुढे काही वर्षांतच जमशेटजींनी बंगळूरला रेशीम फार्म काढला आणि त्यासाठी जपानहून जाणकार बोलावले. तिथे काय शिकवत? तुतीची लागवड, अळ्यांचं संगोपन, रोगांवर उपाय आणि कोषातून धागा काढणं. म्हणजे नुसता माल विकायचा नव्हता, तर ही विद्या शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचवायची होती.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. बंगळूरमधल्या एका वस्तीला मात्र आजही टाटा सिल्क फार्म म्हणतात.

आज महाराष्ट्राचं रेशीम संचालनालय आपल्या नागपुरातच आहे. शेतकऱ्यांना रोगमुक्त अंडीपुंज मिळावेत, यासाठी आजही धडपड चालते. कारण अंडीच रोगट निघाली, तर महिनाभराची मेहनत वाया जाते.

तेव्हा मुलांनो, उद्या अळ्यांना पाला घालण्याआधी हात धुवा. पाला कोरडा करून घाला, मेलेली अळी लगेच बाजूला काढा. एवढ्या लहान जिवाकडे जमशेटजींनी लक्ष दिलं, मग आपण का देऊ नये?