चालत्या वाटेवरची शाळा

२०२० च्या मार्चमध्ये शाळांना कुलुपे लागली आणि घराघरांत एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावातल्या ओसरीपासून पुण्या-मुंबईच्या सदनिकांपर्यंत चित्र फारसे वेगळे नव्हते. एक मूल दुसरीत, दुसरे सहावीत, तिसरे नववीत, आणि शिकवणारी आई एकटी. कोणाला आधी बसवायचे, पुस्तकातले किती घ्यायचे आणि किती सोडायचे, असा तो पेच होता. शाळा उघडल्या आणि बहुतेक घरांपुरता तो सुटला. मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेणाऱ्या मोजक्या कुटुंबांपुढे मात्र तो रोजच उभा असतो. दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी कुटुंबाने हाच निर्णय घेतला होता. त्या कुटुंबाला घरही नव्हते. त्यातल्या धाकट्या मुलीला पुढे सारा देश पंडिता रमाबाई म्हणून ओळखू लागला.

रमाबाईंचे चरित्र बहुधा कलकत्त्याच्या सत्कारापासून किंवा त्यांच्या धर्मांतरापासून सांगितले जाते. त्यामुळे सगळ्याच्या मुळाशी असलेली ती घरची शाळा झाकोळून जाते. तिची सुरुवात पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत झाली. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मूळचे मंगळूरकडील माळहेरंजीचे. संस्कृत शिकण्यासाठी ते पुण्यास आले व रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे राहिले. शास्त्रीबुवा दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात त्याच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. एक स्त्री शुद्ध वाणीने संस्कृत श्लोक म्हणते, ही गोष्ट तरुण अनंतशास्त्र्यांच्या मनात कायमची रुतून बसली. गावी परतल्यावर त्यांनी पहिल्या पत्नीला शिकवायला घेतले; पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या विरोधापुढे ते जमले नाही. ती निवर्तल्यावर यात्रेच्या वाटेवर, गोदावरीकाठी, एका यात्रेकरू गृहस्थाने आपली नऊ वर्षांची कन्या त्यांना दिली. वराचे वय चाळिशीपुढचे. आजच्या वाचकाला हा विवाह खुपल्यावाचून राहणार नाही आणि तो खुपायलाच हवा. रमाबाईंनाही तो खुपला होता. आपल्या इंग्रजी पुस्तकात बालविवाहाचे उदाहरण म्हणून, आईवडिलांचे नाव न घेता, त्यांनी असा एक प्रसंग सांगितला आहे.

या मुलीला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, अनंतशास्त्र्यांनी संस्कृत शिकवले. त्यावर गदारोळ उठला आणि उडुपीच्या धर्मपीठापुढे जाब देण्याची वेळ आली. शास्त्रीबुवांनी धर्मग्रंथ चाळून स्त्रियांना संस्कृत शिकवण्यास आधार देणारी वचने जमवली आणि आपली बाजू मांडली. वेद मात्र त्यांनी स्वतःच बाजूला ठेवले. स्त्रीने पुराणे, काव्ये, व्याकरण शिकावे. वेदांचा अधिकार तिला नाही, ही मर्यादा त्यांना मान्य होती. पुढे याच मर्यादेची कहाणी रमाबाईंच्या आयुष्यात आली.

गावातल्या कटकटीतून सुटण्यासाठी अनंतशास्त्री पत्नीसह पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या अरण्यात राहायला गेले. तुंगा आणि भद्रा जिथे उगम पावतात, तिथे त्यांनी आश्रम बांधला. विद्यार्थी येत, यात्रेकरू येत. सर्वांना जेवू घातले जाई. मुले तिथेच जन्मली. सहापैकी तीन वाचली : श्रीनिवास, कृष्णाबाई आणि २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाई. आतिथ्यात सारी मालमत्ता संपली आणि कुटुंबाला आश्रम सोडावा लागला. तेव्हा रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून, माणसाच्या डोक्यावरून त्यांना घाट उतरवण्यात आले.

त्यानंतर हे कुटुंब जवळजवळ सोळा वर्षे चालत राहिले. एका तीर्थापासून दुसऱ्या तीर्थापर्यंत जायचे, देवळात किंवा नदीकाठी बैठक मांडायची, पुराण वाचायचे आणि श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करायचा. पुराण सांगून उरलेल्या वेळात मुलांचे शिक्षण चाले. थोरल्या दोघांना वडिलांनी शिकवले. रमाबाईंची पाळी आली तोवर ते थकले होते, दृष्टीही अधू झाली होती. मग हे काम लक्ष्मीबाईंनी पत्करले.

त्यांची रीत आजच्या कोणत्याही वेळापत्रकात बसणारी नाही. दिवसभर स्वयंपाक, पाणी, पतीची सेवा, प्रवासाची बांधाबांध. उसंत मिळे ती पहाटेपूर्वीच. जमिनीवर झोपलेल्या मुलीला अंधारातच हलवून जागे करायचे आणि पाठ द्यायचा. आईने म्हणायचे, मुलीने मागून म्हणायचे. पाटी, पुस्तक यांची गरजच नव्हती, कारण बहुतेक सारे श्लोकबद्ध होते : कोश, व्याकरण, पुराणे, काव्ये. आठव्या वर्षी सुरू झालेले हे शिक्षण पंधराव्या वर्षापर्यंत चालले. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. कोणाच्या फारशा मदतीवाचून स्वतःच पुढे शिकत जाईल असे मन आईने घडवले, हे आत्मकथनात रमाबाईंनी मोठ्या कृतज्ञतेने नोंदवले आहे. आईच्या तोंडची शुद्ध मराठी ऐकून त्यांची मराठी घडली. कानडी, हिंदी, पुढे बंगाली या भाषा वाटेवरच्या माणसांनी शिकवल्या.

या शाळेने काय शिकवले हे सहज सांगितले जाते. तिने काय वगळले तेही रमाबाईंनी तितक्याच स्वच्छपणे सांगितले आहे. मुलांनी बाहेरच्या जगाच्या वाऱ्याला उभे राहू नये अशी आईवडिलांची इच्छा होती. संस्कृतवाचून दुसरी भाषा रीतसर शिकायची नाही. इंग्रजीचा तर विटाळ. ती शिकणे म्हणजे जात आणि परलोक दोन्ही गमावणे. ज्या विद्येने पोट भरते ती ऐहिक, म्हणून त्याज्य. तिन्ही मुलांना एकच अभ्यासक्रम होता आणि तो मुलांच्या वयाचा किंवा पुढच्या काळाचा विचार करून निवडलेला नव्हता. तो पुराणिक तयार करणारा अभ्यासक्रम होता. पुराण ऐकायला माणसे जमतात तोवर तो पुरेसा होता.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्यातील वृद्धांना सुकडीचे आणि रोजगार हमीच्या खडी फोडण्याचे दिवस आठवतात. डोंगरे कुटुंबाला खडी फोडण्याचाही मार्ग माहीत नव्हता. दक्षिणा थांबली. उरलेसुरले दागिने, भांडी, कपडे विकून झाले. भीक मागणे अभिमानाला झेपेना, हलके काम करण्याची सवय नाही आणि दुसरे कोणतेही काम येत नाही. शेकडो ग्रंथ तोंडपाठ असलेली पाच माणसे रानात पाला खाऊन आणि पाणी पिऊन दिवस काढू लागली. अखेर वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. त्या क्षणी थोरल्या श्रीनिवासने प्रथमच घरचा धडा मोडला : आपण मजुरी करू, जातीचा अभिमान सोडू, पण वडिलांना मरू देणार नाही, असे त्याने सांगितले. तो निश्चय उशिरा आला. १८७४ साली आधी वडील आणि काही आठवड्यांतच आई गेली. आईच्या तिरडीला खांदेकरी पुरेनात, म्हणून सोळा वर्षांच्या रमाबाई चौथ्या झाल्या. उंची कमी असल्याने त्यांना तो भार डोक्यावर घ्यावा लागला. पुढे कृष्णाबाईही पटकीने दगावल्या.

आपल्या शिक्षणाविषयी रमाबाईंची कृतज्ञता खरी होती. आपल्या दारिद्र्याचे कारणही त्या शिक्षणात त्यांना दिसले होते, हेही खरे. या दोन्ही गोष्टी त्यांनी आयुष्यभर एकत्र बाळगल्या. त्यांच्या चरित्रातला हा पेच कोणत्याही वादाइतकाच महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीस वाटते.

भाऊ-बहीण चालत उत्तरेकडे निघाले. पंजाबात झेलमच्या काठी अंगावर पांघरायला काही नव्हते, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणून, मानेपर्यंत वाळू ओढून थंडीच्या रात्री काढल्या. १८७८ साली ते कलकत्त्यास पोहोचले. तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. आईने पहाटेच्या अंधारात दिलेले पाठ भर सभेत उजळले. तिथेच केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली. जे दार वडिलांनी शास्त्राच्या आधारे बंद ठेवले होते, ते असे एका परक्या घरात उघडले.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. १८८० च्या मे महिन्यात श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या आरंभी पतीचे पटकीने निधन झाले. तान्ह्या मुलीसह त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील मठात राहून त्या इंग्रजी शिकल्या आणि त्याच वर्षी ख्रिस्ती झाल्या. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकवले.

वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे खटके उडाले. त्यांतला एक मुद्दा या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यायचे, ते कोणी ठरवायचे? मठाच्या मते ते मठाने; रमाबाईंच्या मते आईने. मुलीला काय शिकवायचे हा हक्क त्यांनी मदत करणाऱ्यांच्याही हाती दिला नाही. उडुपीच्या धर्मपीठापुढे उभे राहिलेल्या अनंतशास्त्र्यांचीच ही कन्या.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे त्यांना फ्रोबेलची बालशिक्षणपद्धती भेटली. मुलांनी हाताने वस्तू हाताळत, खेळत शिकायचे, हा विचार पाठांतरावर वाढलेल्या या विदुषीने जणू झडप घालून घेतला. त्यांनी किंडरगार्टनचे प्रशिक्षण घेतले आणि मराठी मुलींसाठी क्रमिक पुस्तके लिहायला घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले. तिथे आलेल्या पहिल्या बालविधवा गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

सदन पुण्यात हलल्यावर, १८९३ च्या सुमारास, मुलींना ख्रिस्ती केले जाते असा आरोप झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, त्या कोणावर सक्ती करीत नव्हत्या; आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे. टीकाकारांना हे पटले नाही, आणि पोरक्या मुलींपुढे उघडे असलेले असे दार किती तटस्थ असते, हा त्यांचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता.

१८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांतात हाहाकार माजवला. रमाबाई स्वतः तिथे गेल्या आणि उपाशी मुली, विधवा, बायका यांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावला घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तान्ह्या मुलांपासून प्रौढ विधवांपर्यंत सारे एकाच आवारात राहत. कोणाला अक्षर ओळखता येत नव्हते, कोणाला दिसत नव्हते.

इथे काय शिकवायचे, हे ठरवताना रमाबाईंना रानातला पाला आठवला नसेल असे मानणे कठीण आहे. लहानांसाठी किंडरगार्टन, मोठ्यांसाठी वाचन-लेखन आणि त्याबरोबर प्रत्येकीच्या हाताला काम : विणकाम, शिवणकाम, शेती, दूधदुभते, तेलघाणी, स्वयंपाक, छापखाना. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम मनोरमेने हाती घेतले. बाहेर पडलेल्या मुलीला पोट भरता आले पाहिजे, हा या अभ्यासक्रमाचा कणा होता. वडिलांनी ऐहिक म्हणून जे वगळले, ते मुलीने असे मध्यभागी आणून ठेवले. एक गोष्ट मात्र बदलली नाही. मुक्ती सदन हेही जगापासून काहीसे कुंपण घातलेले, एकाच श्रद्धेभोवती फिरणारे गाव होते. गंगामूळचा आश्रम आणि केडगावचे आवार यांच्यातले हे साम्य त्यांच्या चाहत्यांना बहुधा रुचणार नाही.

उतारवयात रमाबाईंनी पुन्हा विद्यार्थिनी होऊन हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यास घेतले. त्यासाठी लागणारी छपाईची कामे मुक्तीतल्याच बायका करीत. हाताशी आलेली मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. रमाबाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण भाषांतर त्यांच्या पश्चात मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.