खिळे घासणारा जावजी

जावजी दादाजी चौधरी हे नाव आज कितीजणांना आठवेल? 'निर्णयसागर' म्हटले की मात्र जुन्या मंडळींना पंचांग हमखास आठवते. आमच्या शेवगावच्या घरी पंचांगाशेजारी त्याच छापखान्याचे 'शाकुंतल' असे. मला ओढ होती ती त्यातल्या ठसठशीत अक्षरांची.

जावजींचा जन्म १८३९ सालचा, मुंबईतला. घरची गरिबी, शाळा नावापुरतीच. दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले, महिना दोन रुपयांवर. शिशाचे ते तुकडे हाताळता हाताळता अक्षराचे वळण त्यांच्या बोटांत उतरले. १८६४ साली त्यांनी टाइप ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला, १८६९ साली छापखाना. अक्षरे कोरायला राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी माणूस जोडीला होता. आरूंचे नाव तर आणखीच मागे पडले, याची मला खंत वाटते.

संस्कृत काव्ये तेव्हा बहुतेक पोथ्यांत होती आणि पोथ्या मोजक्या घरांत, रुमालात बांधलेल्या. १८८६ साली जावजींनी 'काव्यमाला' हे मासिक सुरू केले. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी पाठ तपासायचे, जावजींनी छापायचे. ज्याला स्वतःला धड शाळा लाभली नाही, त्याच्यामुळे पोथीसाठी कुणाचे दार ठोठावणे संपले. काव्य दुकानात विकत मिळू लागले.

१८९२ साली जावजी गेले. मुलगा तुकाराम याने काम पुढे नेले. खिळ्यांचा जमाना सरला, तरी त्या आवृत्त्यांची पुनर्मुद्रणे अजून निघतात, त्याच अक्षरांत.